टिप्याची टिपणे

गेल्या भाद्रपदात आमचे तात्या गणपतीसाठी साताऱ्याहून आले, तेव्हा त्यांनी आपली कॅनव्हासची पिशवी नेहमीप्रमाणे दिवाणखान्यातील कोचाच्या पायाशी टेकवली, पायांवर पाणी घेतले, देवापुढे हात जोडले आणि चहाची पहिली बशी ते ओठांना लावतात न लावतात तोच आमच्या आठ महिन्यांच्या टिप्याने त्या पिशवीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, तिच्या एका कोपऱ्याला नाक लावून तो क्षणभर अगदी समाधिस्थ झाला, मग तिच्या कडेला आडवा उभा राहून त्याने मागची उजवी तंगडी उचलली आणि चमचाभर मूत्र नेमके त्याच कोपऱ्यावर सोडून, जणू एखादे सरकारी काम उरकल्याप्रमाणे, तो शांतपणे निघून गेला. तात्यांनी बशी खाली ठेवली. ‘‘अरे, घरात आलेल्या माणसाशी कसं वागावं हे तुझ्या कुत्र्याला कुणी शिकवलं आहे की नाही?’’ मी पिशवी उचलून न्हाणीघराकडे पळालो. तात्यांच्या घरी वाघ्या नावाचा एक वयस्क कुत्रा असून तो रोज दुपारी याच पिशवीवर मान टाकून झोपतो, ही माहिती पुष्कळ उशिरा, म्हणजे रात्रीच्या जेवणानंतरच्या चौकशीत बाहेर पडली. ती आधी कळली असती तर माझा बराचसा मनस्ताप वाचला असता.

टिप्या जातीने गावठी. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके म्हणून त्याचे नाव टिप्या ठेवले. पुढे तो घरभर टिपणे करीत हिंडेल आणि नाव असे दुहेरी सार्थ करील याची त्या वेळी कोणालाच कल्पना नव्हती. चौथ्या महिन्यातच लघवीसाठी खाली जायचे असते हे तो शिकला होता, आणि त्याचा आम्हांला थोडा अभिमानही होता. म्हणूनच आठव्या महिन्यात कोचाचा पाया, फ्रिजचा कोपरा, पडद्याची कड आणि एके दिवशी तर गॅलरीतील तुळशीची कुंडी ओली दिसू लागली, तेव्हा शिकलेले सारे तो विसरला, अशीच आमची समजूत झाली. आई म्हणाली, ‘‘अरे, निदान तुळशीची तरी लाज बाळग म्हणावं त्याला!’’

परंतु येथे त्या ‘चमचाभर’ शब्दाकडे लक्ष दिले पाहिजे. मूत्राशय भरल्यामुळे घरात लघवी करणारे कुत्रे सपाट जागी, पुष्कळ आणि एकदम करते. खूण ठेवणारे कुत्रे उभ्या वस्तूवर, थोडे आणि पुन्हा पुन्हा सोडते, आणि अर्ध्या तासापूर्वीच ते खालून मोकळे होऊन आलेले असले तरी त्याने काही अडत नाही, कारण या कामासाठी ते थोडा साठा राखून ठेवते. पहिल्या प्रकारात शिक्षण अपुरे असते. दुसऱ्यात शिक्षण शाबूत असून त्याच्या जोडीला एक नवीच गरज उत्पन्न झालेली असते. याखेरीज मालक घरी येताच आनंदाने किंवा भीतीने जमिनीशी दबून थेंब गाळणारी पिल्ले असतात, ती निराळी. मोठी होता होता त्यांतील बहुतेकांची ती खोड आपोआप जाते. आणि चौथी शक्यता आजाराची: मूत्रमार्गाचा दाह, मुतखडा, मधुमेह यांमुळेही जनावर वारंवार थोडे थोडे मुतते, तेव्हा पशुवैद्याकडून मूत्राची तपासणी करून घेतल्यावाचून सवयीची मीमांसा करू लागणे म्हणजे पुराव्याआधीच निकाल लिहिण्यासारखे आहे. त्या तपासणीचा नमुना मिळवण्याकरिता एका लांब काठीला जुना डाव बांधून, सकाळी सहा वाजता, सोसायटीच्या आवारात टिप्याच्या मागे मागे वाकून चालणारा मी ज्यांनी पाहिला त्यांनी तो प्रसंग अद्याप विसरू दिलेला नाही. नमुना निर्दोष निघाला.

मग ही नवी गरज कसली? कुत्र्याचे नाक माणसाच्या नाकाहून किती सूक्ष्म आहे हे आपण ऐकून असतो. पण त्याच्यापाशी वास घेण्याची आणखी एक व्यवस्था आहे, तिची दखल सहसा घेतली जात नाही. वरच्या पुढच्या दातांच्या मागे टाळूवर दोन बारीक छिद्रे असतात आणि ती नाकाच्या तळाशी असलेल्या एका नळीसारख्या इंद्रियापर्यंत पोहोचतात. डेन्मार्कचे शरीररचनाशास्त्रज्ञ लुडविग याकोबसन यांनी १८१३ साली त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. एखाद्या खांबाशी कुत्रा जीभ किंचित हलवीत, दात वाजवीत, तंद्रीत गेल्यासारखा उभा राहतो, तेव्हा मूत्रातील जड, सहज न उडणारी द्रव्ये या इंद्रियापर्यंत पोहोचत असतात. येथे कोण येऊन गेले, ते नर की मादी, मादी असल्यास माजावर आहे किंवा कसे, येऊन किती वेळ झाला, ओळखीचे की परके, एवढा मजकूर त्या चमचाभर पाण्यात सामावलेला असतो. आपल्याला जी घाण दिसते ती त्याच्या लेखी दप्तरातील एक नोंद असते.

या नोंदीचा अर्थ मात्र फार सवंगपणे लावला जातो. ‘तो आपली हद्द आखतो आहे’, ‘तो तुमच्यावर मालकी गाजवतो आहे’ असे कुत्रा पाळणारे एकमेकांना सांगत असतात. लांडग्यांच्या बाबतीत हद्दीची कल्पना बऱ्याच अंशी खरी आहे. रॉजर पीटर्स आणि डेव्हिड मेक यांनी अमेरिकेतील मिनेसोटाच्या अरण्यात बर्फावरचे माग काढीत लांडग्यांच्या खुणांची मोजदाद केली आणि १९७५ साली ती प्रसिद्ध केली. टोळीच्या मुलखाच्या कडेला खुणांची दाटी आतल्या भागाच्या सुमारे दुप्पट असल्याचे त्यांना आढळले. गावाच्या शिवेवर दगड अधिक असावेत तसेच हे झाले. पण पाळीव कुत्र्याचा व्यवहार याहून पुष्कळ सामाजिक आहे. ॲनेके लिसबर्ग आणि चार्ल्स स्नोडन यांनी कुत्र्यांच्या बागेत केलेल्या निरीक्षणांत दुसऱ्याच्या खुणेवर किंवा तिच्या शेजारी आपली खूण ठेवण्याचा उद्योग नर आणि माद्या दोघेही करताना दिसले, आणि शेपटीचे बूड उंच धरून चालणारी ठाम वृत्तीची कुत्री त्यात पुढे होती. कॉर्नेल विद्यापीठातील बेट्टी मॅग्वायर यांना २०१८ साली याहून गमतीची गोष्ट आढळली: लहान चणीचे नर तंगडी अधिक तिरपी, अधिक उंच उचलतात, म्हणजे खूण पडते ती त्यांच्या आकाराच्या मानाने बरीच वर, आणि मागून येऊन वाचणाऱ्याचा लिहिणाऱ्याच्या उंचीविषयी गैरसमज व्हावा. नावापुढे पदव्या लावण्याची हौस केवळ माणसाला असते असे नाही!

आणि या दप्तरात स्वतःच्या नोंदीचे महत्त्व किती? कोलोरॅडोतील बोल्डर येथे मार्क बेकॉफ यांनी आपल्या जेथ्रो नावाच्या कुत्र्याबरोबर पाच हिवाळे फिरून, पिवळे झालेले बर्फ हातमोज्यांनी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवले आणि जेथ्रो कोणापाशी किती वेळ रेंगाळतो ते टिपले. २००१ सालच्या त्यांच्या निबंधात दिसते की आपल्याच मूत्रापाशी तो फारसा थांबत नसे, इतरांच्या मूत्रापाशी मात्र सावकाश थांबे. तात्यांच्या पिशवीचे कोडे येथे सुटते. टिप्याला तात्यांविषयी आकस नव्हता, घरावर कब्जा सांगायचा नव्हता, गणपतीच्या दिवसांत आमची फजिती करण्याचा तर त्याचा अजिबात मानस नव्हता. त्याच्या घरात वाघ्या नामक एका अपरिचित इसमाचे सविस्तर पत्र येऊन पडले होते, आणि त्याने, कोणताही सभ्य श्वान करील त्याप्रमाणे, उलट टपाली पोच दिली होती.

ही पोच देण्याची प्रेरणा वयात येताना जागी होते. लहान चणीच्या कुत्र्यांत सहाव्या महिन्याच्या आसपास, मोठ्या जातींत वर्षाच्या जवळपास, नराच्या रक्तात पौरुषद्रव्य वाढू लागते आणि आतापर्यंत बसून लघवी करणारे पिल्लू एके दिवशी तोल सावरीत तंगडी उचलून पाहते. माद्याही खुणा ठेवतात, विशेषतः माजावर येण्याच्या सुमारास. त्यात आपल्याकडे भाद्रपद! गावठी कुत्र्यांचा हा हंगाम, तो आपल्या भाषेच्या म्हणींपर्यंत पोहोचलेला. पश्चिम बंगालमधील मोकाट कुत्र्यांच्या मूत्रखुणांचा अभ्यास सुनील कुमार पाल यांनी २००३ साली प्रसिद्ध केला, तोही लिंग, ऋतू, जागा आणि शरीराचा पवित्रा यांच्या अनुषंगानेच. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या टिप्याला खालच्या रस्त्यावरील त्या धामधुमीची खबर चपलांच्या तळव्यांतून, मोटारीच्या टायरांवरून आणि गॅलरीत येणाऱ्या वाऱ्यातून रोज मिळत होती. नवे फर्निचर, घरात आलेले बाळ, बदललेले बिऱ्हाड, फार काळ एकटे राहणे यांचाही तोच परिणाम होतो. अस्वस्थ झालेले जनावर भोवताली आपला परिचित वास पसरून थोडे स्थिर होऊ पाहते.

उपाय सुचविणारांची वाण नव्हती. सोसायटीतील एका अनुभवी गृहस्थांनी दारात लाल पाण्याची बाटली ठेवण्यास सांगितले. महाराष्ट्रातील असंख्य फाटकांवर, पायऱ्यांवर आणि मोटारींच्या शेजारी या बाटल्या वर्षानुवर्षे पहारा देत उभ्या आहेत. आता कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात, हे जे नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रयोगाने दाखविले; निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल मात्र मळकट तपकिरी होऊन जातो. म्हणजे त्या बाटलीतला धोक्याचा इशारा वाचता येतो तो फक्त तिच्या मालकाला. आमच्या दारातील बाटलीवर तर टिप्याने दुसऱ्याच दिवशी नोंद केली; उभी, एकटी आणि नाकाच्या उंचीवर असलेली वस्तू आपण होऊन त्याच्यापुढे ठेवली होती, यात त्याचा दोष कोणता?

दुसरा उपाय अधिक जुना आणि अधिक वाईट: कुत्र्याला मानेस धरून त्याचे नाक त्या ओल्या जागेवर घासावयाचे. मीही एकदा हे केले, हे कबूल करतो. शिक्षा किंवा बक्षीस कृतीनंतर एकदोन सेकंदांत मिळाले तरच जनावर त्यांचा संबंध जोडू शकते. अर्ध्या तासाने मिळालेल्या शिक्षेतून ते एवढेच शिकते की ओली जागा आणि मालक एकत्र आले की प्राण संकटात येतो, आणि मग पुढची खूण ते पलंगाखाली ठेवते. ‘पण त्याला कळते हो, चेहरा कसा अपराधी करतो बघा’ असे म्हणणारांसाठी अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली एक सुंदर प्रयोग केला. कुत्र्याला एक खाऊ खाण्यास मनाई करून मालक खोलीबाहेर जाई, आणि परत आल्यावर काय घडले हे त्याला कधी खरे, कधी मुद्दाम खोटे सांगितले जाई. तो पडलेला, कान पाडलेला चेहरा गुन्ह्याशी जुळला नाही. जुळला तो मालकाच्या रागावण्याशी, आणि निरपराध कुत्र्यांच्या तोंडावरही तो तितकाच शोभून दिसला.

तेव्हा पहिले काम साफसफाईचे, आणि ते दिसते तितके सोपे नाही. एका रात्री घरातील सारे दिवे मालवून मी अतिनील प्रकाशाची हातबत्ती घेऊन निघालो. या प्रकाशात वाळलेले मूत्र फिकट पिवळसर-हिरवट चमकते. कोचाचा पाया, फ्रिज, ही ठिकाणे ठाऊक होती. पुस्तकांच्या कपाटाचा आतला कोपरा, देवघराच्या बाजूची भिंत, माझ्या लिहिण्याच्या मेजाचे चारही पाय, ही नव्हती. पडदा तर नखशिखांत उजळून निघाला तेव्हा माझे धाबे दणाणले. पण कपडे धुण्याच्या पावडरीतील शुभ्रता आणणारी द्रव्येही या प्रकाशात निळसर चमकतात, हे नंतर लक्षात आले. डाग ठिपक्यांचे, ओघळाचे आणि वीतभर उंचीवर असतात. पडद्याची चमक सरसकट असते. खडूने प्रत्येक जागेवर फुली मारून ठेवली. सकाळी आईने मोजल्या, सोळा भरल्या.

आपल्या घरांतून अशा वेळी हात जातो तो फिनेलकडे. त्याच्या उग्र दर्पाने आपल्या नाकापुरता डाग नाहीसा होतो, कुत्र्याच्या नाकाला खालचा मजकूर जसाच्या तसा वाचता येतो, आणि पंजे चाटणाऱ्या जनावराच्या पोटात ते द्रव्य जाणे घातक असते ते वेगळेच. अमोनियायुक्त द्रव तर मुळीच नकोत. मूत्रातील युरियाचे जंतूंच्या क्रियेने अमोनियात रूपांतर होत असते, त्यामुळे तो दर्प म्हणजे जुन्या नोंदीवर नवी शाई फिरविण्यासारखे होते. शुभ्रक पाणी म्हणजे ब्लीच मूत्रावर ओतल्यास अपायकारक वायू निघतो. कामाची असतात ती विकरयुक्त म्हणजे एन्झाइमची द्रावणे, आणि तीही पुसून टाकण्यासाठी नव्हेत तर भिजत ठेवण्यासाठी: डाग साध्या पाण्याने टिपून घ्यावा, द्रावण डागाच्या कडेच्या बाहेर चार बोटे जाईल एवढे ओतावे, बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा दहा-पंधरा मिनिटे, ते ओले राहू द्यावे आणि मग आपोआप वाळू द्यावे. फरशीच्या सांध्यांत आणि प्लायवूडच्या कडांत ते दोनदा करावे लागते. या बाटल्यांवर ‘युरिक आम्लाचे स्फटिक नष्ट करते’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्याला फार भुलू नये. डाल्मेशियन जात वगळता कुत्र्याचे यकृत युरिक आम्लाचे बहुतांशी रूपांतर करून टाकते, तेव्हा कुत्र्याच्या बाबतीत या फुशारकीला फारसा अर्थ नाही.

दुसरे काम पाळतीचे. प्रत्येक यशस्वी खूण पुढच्या खुणेला उत्तेजन देते, म्हणून तीन-चार आठवडे तिला संधीच मिळू नये असा बंदोबस्त करावा लागतो. टिप्याची दोरी मी कमरेला बांधली. लिहिताना, जेवताना, फोनवर बोलताना तो माझ्याबरोबर. ते शक्य नसेल तेव्हा त्याच्या अंथरुणाच्या खोलीत, दार ओढून. या सहवासात एक गोष्ट कळली ती अशी की तंगडी उचलण्याच्या आधी तीन-चार सेकंदांची प्रस्तावना असते: एकाच जागी परत परत हुंगणे, वस्तूच्या कडेला अंग आडवे करणे, वजन एका बाजूला झुकवणे. त्या क्षणी ओरडायचे नाही. ‘चल’ म्हणून हलक्या हाताने दोरी खेचायची, तडक खाली जायचे, आणि तेथे खांबापाशी त्याचे काम झाले की त्याच क्षणी खिशातला चण्याएवढा पनीरचा तुकडा द्यायचा. तिसरा मजला, लिफ्ट अनेकदा बंद. ही पद्धत मालकाच्या प्रकृतीलाही हितकारक आहे.

फिरण्याची रीतही बदलावी लागली. पूर्वी मी त्याला खांबाखांबावरून ओढीत नेत असे, कारण मला व्यायाम करायचा असे. आता पहिली दहा मिनिटे त्याची, त्यात त्याने हवा तो खांब हवा तितका वेळ वाचावा. बाहेर नोंदी केल्या म्हणून घरात करणार नाही असा काही सरळ हिशेब नाही, हे मान्य. पण दिवसभर कोंडलेल्या, कंटाळलेल्या जनावरापेक्षा नाक थकवून आलेले जनावर घरात पुष्कळ शांत बसते, एवढे मी पाहिले. पाहुण्यांच्या पिशव्या आणि चपला खुंटीवर किंवा कपाटात जाऊ लागल्या. टिप्याचे पाण्याचे भांडे त्याच्या आवडत्या कोचाच्या पायाशी ठेवले, कारण जेथे खायचे-प्यायचे तेथे सहसा कुत्रा घाण करीत नाही. कोच वाचला, मेज मात्र अधिक धोक्यात आले. आईने जुन्या सुती लुगड्याचा एक पट्टा शिवून दिला, पोटाभोवती बांधायचा, आत घडी घातलेले फडके. त्याने भिंत कोरडी राहते, सवय जात नाही, आणि फडके वेळच्या वेळी बदलले नाही तर कातडी लाल होते. ‘‘लंगोट शिवण्याची माझी सवय गेली होती रे,’’ एवढेच आई म्हणाली.

राहता राहिला खच्चीकरणाचा प्रश्न. नीलसन, एक्स्टाइन आणि हार्ट यांनी १९९७ साली ५७ नर कुत्र्यांची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची वागणूक तपासली. मूत्रखुणा, भटकणे आणि अंगावर चढणे या तिन्ही सवयींत साठ टक्क्यांहून अधिक कुत्री निम्म्याने किंवा त्याहून अधिक सुधारली. पण जवळजवळ पूर्ण म्हणजे नव्वद टक्के सुधारणा दिसली ती पंचवीस ते चाळीस टक्क्यांतच. सवय किती जुनी याचा निकालाशी संबंध आढळला नाही, तेव्हा ‘आता उशीर झाला’ असे म्हणण्याचे कारण नाही. उलट घाई करण्यातही धोका आहे: याच बेंजामिन हार्ट यांच्या गटाने २०१३ साली दाखविले की गोल्डन रिट्रीव्हर जातीत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाल्यास सांध्यांचे काही विकार अधिक उद्भवतात. मोठ्या जातींच्या बाबतीत म्हणून पशुवैद्य आता थोडे थांबण्याचा सल्ला देतात. मध्यम चणीच्या गावठी टिप्याची शस्त्रक्रिया दहाव्या महिन्यात, दिवाळीनंतर, झाली. रक्तातील पौरुषद्रव्य ओसरले तरी जडलेली सवय त्यानंतरही आपल्या वहिवाटीने चालू राहू शकते. ज्यांना शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी चमत्काराची अपेक्षा असते त्यांची निराशा ठरलेली.

खडूच्या फुल्या हळूहळू कमी झाल्या. नाताळात एक, संक्रांतीच्या सुमारास, घराला रंग दिला तेव्हा, एकदम तीन, त्यानंतर महिनाभर एकही नाही. तुळशीच्या बाबतीत मात्र उभयपक्षी तडजोड करावी लागली: तुळस उंच स्टुलावर गेली आणि तिच्या जागी कोरफडीची एक फुटकी कुंडी टिप्याच्या नावे कायम करण्यात आली. गॅलरी हे घर की बाहेर, याचा निवाडा मी अद्याप दिलेला नाही.

होळीला तात्या पुन्हा आले. पिशवी तीच. त्यांनी ती आमच्या सांगण्यावरून खुंटीला अडकवली खरी, पण तिचा बंद लांब असल्यामुळे तळ टिप्याच्या नाकाच्या जरा वरच लोंबत राहिला. टिप्या आला, मागच्या दोन पायांवर थोडा उचलला गेला, आणि पिशवीचा तोच कोपरा त्याने सावकाश, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. तात्यांनी बशी हातात तशीच धरून ठेवली होती. मग त्याने अंग आडवे केले, वजन एका बाजूला झुकवले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि दाराशी जाऊन उभा राहिला. मी चपला शोधू लागलो.